पोप या पदवीची कुळकथा



८ मे २०२५ रोजी रोम येथे रॉबर्ट प्रिव्होस्ट हे अमेरिकेत जन्मलेले धर्मगुरू चौदावे लिओ हे नाव घेऊन पोप झाले. दुसऱ्या दिवशीच्या आपल्याकडील बातम्यांत त्यांना कोणी पोप म्हटले, कोणी सर्वोच्च धर्मगुरू म्हटले, कोणी ख्रिस्ताचे प्रतिनिधी म्हटले, तर कोणी नुसतेच रोमचे बिशप म्हटले. ही सारी नावे एकाच माणसाची आहेत. ती कोठून आली, प्रथम कोणाला लागत होती आणि त्यांचा मूळ अर्थ काय होता, याची हकीगत मी आज आपल्यापुढे मांडणार आहे.

मी इतिहासाचा प्राध्यापक नव्हे. ग्रीक आणि लॅटिन या भाषा मला येत नाहीत. ज्यांना येतात त्यांची पुस्तके वाचून जे समजले तेवढेच सांगतो. मग कामगार संघटनेत आयुष्य घालविलेल्या माणसाने या विषयाकडे का वळावे? त्याचे कारण साधे आहे. पदनाम ही वस्तू किती महाग पडू शकते, हे आमच्याइतके फार थोड्यांना ठाऊक असेल. एका कारखान्यात वीस-बावीस फिटरांना एके दिवशी 'कनिष्ठ अधिकारी' असे पत्र देण्यात आले. घरोघर पेढे वाटले गेले. पुढल्या महिन्यात पाहतात तो जादा कामाचा भत्ता बंद झालेला! अधिकाऱ्याला जादा कामाचे पैसे कसले? पाना तोच, यंत्र तेच, तेलकट हात तेच. बदलले होते फक्त नाव. अशा प्रकरणांत न्यायालयांनी १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमाखाली वर्षानुवर्षे एक तत्त्व सांगितले. माणसाचे पदनाम काय आहे यावरून त्याचा दर्जा ठरत नाही, तो प्रत्यक्ष काम कोणते करतो हे पाहावे लागते. हेच माप हातात घेऊन मी पोपच्या पदव्यांकडे पाहिले, आणि मला त्यात पुष्कळच बोधप्रद इतिहास सापडला.

आरंभ 'बिशप' या शब्दापासून करू. कारण पोप हा सर्वांत आधी रोम शहराचा बिशप आहे आणि बाकीचे सारे त्याला त्या नात्याने मिळाले आहे. बिशप हा शब्द 'एपिस्कोपॉस' या ग्रीक शब्दावरून आला. 'एपि' म्हणजे वर आणि 'स्कोपॉस' म्हणजे पाहणारा. वरून पाहणारा, देखरेख करणारा. यात धार्मिक असे काही नव्हते. अथेन्सचे लोक आपल्या अंकित शहरांवर नजर ठेवण्यास जे अधिकारी पाठवीत, त्यांनाही हेच नाव होते. आपल्या भाषेत सांगायचे तर मुकादम! धर्मगुरूला इंग्रजीत 'प्रीस्ट' म्हणतात. तो शब्द 'प्रेस्बिटेरॉस'वरून आला, त्याचा अर्थ वडीलधारा. आणि 'डीकन' हा शब्द 'दियाकोनॉस'वरून. त्याचा अर्थ सेवक, विशेषतः पंगतीत वाढणारा. या डीकनांची कथा बायबलातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या भागात आहे. जेरुसलेमच्या पहिल्या ख्रिस्ती मंडळीत रोज गरिबांना शिधा वाटला जाई. ग्रीक बोलणाऱ्या लोकांनी तक्रार केली की वाटपात आमच्या विधवांना डावलले जाते. तेव्हा सात माणसे निवडून त्यांच्याकडे ते काम सोपविण्यात आले, आणि परंपरा त्यांनाच पहिले डीकन मानते. म्हणजे हे पद शिधावाटपाच्या तक्रारीतून जन्मले, असे म्हणावयास हरकत नाही.

तात्पर्य, पहिल्या ख्रिस्ती लोकांनी आपल्या पुढाऱ्यांसाठी मंदिरातले भारदस्त शब्द घेतले नाहीत. घरातले, बाजारातले आणि कचेरीतले शब्द घेतले. रोममध्येही आरंभी अशा वडीलधाऱ्यांचे मंडळच कारभार पाहत असावे आणि एकच बिशप असण्याची पद्धत दुसऱ्या शतकाच्या मध्याच्या सुमारास स्थिरावली, असे बहुतेक संशोधक मानतात. कॅथलिक परंपरा मात्र येशूचा शिष्य पीटर याच्यापासून ही मालिका अखंड धरते.

आता 'पोप' हा शब्द पाहू. त्याचे मूळ 'पाप्पास' हा ग्रीक शब्द. लॅटिनमध्ये त्याचा 'पापा' झाला. हा शब्द पंडितांचा नव्हे, पाळण्यातल्या मुलाचा आहे. मूल ओठ मिटून उघडते तेव्हा जो आवाज निघतो त्यातून बा, बाबा, पापा, आबा असे शब्द कितीतरी भाषांत झाले. होमरच्या 'ओडिसी' महाकाव्यात नौसिका नावाची राजकन्या नदीवर धुणे न्यावयास गाडी मागते तेव्हा बापाला याच लाडक्या नावाने हाक मारते. आपल्याकडे घरात बाप तो बाबा आणि मठात साधू तोही बाबा. ग्रीक लोकांचेही तसेच झाले. ज्या धर्मगुरूविषयी माया वाटे त्याला लोक पाप्पास म्हणू लागले. हे नाव वरून कोणी दिले नाही. ते खालून, माणसांच्या तोंडून आले.

गंमत अशी की, ज्या बिशपांना हे नाव प्रथम लागलेले लेखी पुराव्यात सापडते त्यांत रोमचा बिशप नाही. तिसऱ्या शतकात ईजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहराचा बिशप डायोनिसियस याने आपला पूर्वाधिकारी हेराक्लास याचा उल्लेख एका पत्रात 'पापा' असा केला आहे. इ. स. २५० मध्ये रोमचा बिशप फेबियन सम्राटाच्या छळात मारला गेला आणि त्याची जागा बरेच दिवस रिकामी राहिली. त्या काळात रोमच्या धर्मगुरूंनी आफ्रिकेतील कार्थेजचा बिशप सिप्रियन याला पत्रे लिहिली, आणि त्यांत त्याला 'पापा' असे संबोधिले. म्हणजे रोमचे लोकच दुसऱ्या शहराच्या बिशपला पोप म्हणत होते! रोमच्या स्वतःच्या बिशपला हे नाव लागल्याचा एक जुना पुरावा तेथील भुयारी दफनभूमीत आहे. सेव्हेरस नावाच्या डीकनने आपल्या कुटुंबासाठी तेथे दुहेरी दालन खोदविले आणि आपला 'पापा' मार्सेलिनस याच्या परवानगीने हे केले, असे दगडावर कोरून ठेविले. हा मार्सेलिनस इ. स. २९६ ते ३०४ या काळात बिशप होता. जागेसाठी परवानगी देणारा घरचा वडीलधारा, एवढाच त्या शब्दाचा तेथे भाव आहे.

पुढे शेकडो वर्षे पश्चिमेकडील कोणत्याही मोठ्या बिशपला पापा म्हणत. हळूहळू ते नाव रोमपुरते आकसत गेले, आणि १०७५ साली सातव्या ग्रेगरीने त्यावर जणू कुंपण घातले. त्याच्या पत्रसंग्रहात सत्तावीस छोट्या कलमांची एक यादी आहे. त्यातल्या एका कलमात म्हटले आहे की हे नाव जगात एकमेव आहे. ते नाव म्हणजे 'पोप' असाच अर्थ सामान्यतः लावतात. त्याच यादीत सम्राटाला पदच्युत करण्याचा अधिकार पोपला आहे असेही कलम आहे, आणि सर्व राजांनी फक्त पोपच्याच पायाचे चुंबन घ्यावे असेही आहे. दोनच वर्षांनी, जानेवारी १०७७ मध्ये, जर्मन राजा चौथा हेन्री कानोसाच्या किल्ल्याबाहेर क्षमा मागण्यासाठी तीन दिवस थंडीत तिष्ठत उभा राहिला. मुलाच्या तोंडचा शब्द येथवर चढला होता.

परंतु कुंपण पश्चिमेपुरतेच राहिले. ईजिप्तच्या कॉप्टिक चर्चचा प्रमुख आजही पोप म्हणवितो. २०१२ पासून त्या जागेवर दुसरे तावाद्रोस आहेत. ग्रीसमध्ये गावच्या साध्या धर्मगुरूला 'पापास' म्हणतात आणि रशियन भाषेत 'पोप' म्हणजे खेड्यातला पाद्री, तोही थोड्या हेटाळणीने. गोव्याच्या कोंकणीत रोमच्या पोपला 'पाप सायब' म्हणतात. आपल्या देशात या शब्दाला आणखी एक वळण मिळाले. स्वामी दयानंद सरस्वती यांनी 'सत्यार्थ प्रकाश'मध्ये पोप म्हणजे बाप हा अर्थ सांगून, भोळ्या लोकांना फसविणाऱ्या आपल्याच पुरोहितांना ते नाव लाविले. बाप म्हणवून घेणारा लेकरांना लुबाडू लागला, तर नाव शिवी होते हे त्यावरून दिसते.

यानंतरची पदवी 'पाँटिफेक्स'. वर्तमानपत्रांतला 'पाँटिफ' तो हाच. या नावाचे कूळ मात्र गरिबाघरचे नव्हे. ख्रिस्ती धर्माच्या कितीतरी आधीपासून रोममध्ये राज्याच्या धर्मकृत्यांवर देखरेख करणारे पुरोहितांचे मंडळ होते; त्यातला प्रत्येक सभासद पाँटिफेक्स, आणि प्रमुख तो 'पाँटिफेक्स मॅक्सिमस'. शब्दाची सरळ फोड केली तर अर्थ होतो पूल बांधणारा. वारो नावाच्या रोमन पंडिताने सांगितले की टायबर नदीवरचा जुना लाकडी पूल हे पुरोहित बांधीत आणि दुरुस्त करीत, म्हणून हे नाव पडले. स्केव्होला नावाचा एक गृहस्थ स्वतः पाँटिफेक्स मॅक्सिमस होता. त्याला ही फोड पटत नव्हती. 'समर्थ असणे' आणि 'करणे' या दोन क्रियापदांपासून तो शब्द झाला, असे त्याचे म्हणणे. पुलाची मजुरी आपल्या नावात नको, असे त्याला वाटले असेल काय, अशी शंका माझ्यासारख्याला येते. पण ती माझी आहे, इतिहासाची नव्हे.

या पुरोहितांच्या हाती आणखी एक सत्ता होती, ती पंचांगाची. वर्षात अधिक महिना केव्हा घालावयाचा ते हे ठरवीत, आणि आपल्या बाजूचा अधिकारी असला की त्याचे वर्ष लांबविण्याची लबाडीही चाले. ज्युलिअस सीझर इ. स. पूर्व ६३ मध्ये पाँटिफेक्स मॅक्सिमस म्हणून निवडून आला, आणि त्याने इ. स. पूर्व ४६ मध्ये हा सावळा गोंधळ मोडून नवे कालमापन बसविले. पुढे ऑगस्टसपासून प्रत्येक सम्राटाकडे हे पद राहिले. चौथ्या शतकाच्या अखेरीस ग्रेशियन या ख्रिस्ती सम्राटाने ते नाकारले.

ख्रिस्ती लोकांत हा शब्द प्रथम येतो तो टोमणा म्हणून. तिसऱ्या शतकाच्या आरंभी कार्थेजच्या टर्टुलियनला एका बिशपचा हुकूम आवडला नाही. तेव्हा त्याने उपहासाने लिहिले की हे तर साक्षात पाँटिफेक्स मॅक्सिमस झाले. तो बिशप रोमचा की कार्थेजचा याविषयी पंडितांत वाद आहे. ज्या शब्दाने एके काळी बिशपची टर उडविली गेली, तोच शब्द पंधराव्या शतकापासून पोप आपल्या नाण्यांवर आणि इमारतींवर अभिमानाने कोरू लागले. रोमच्या सेंट पीटर्स चर्चच्या दर्शनी भागावर १६१२ साली पाचव्या पॉलचे नाव याच पदवीसह कोरलेले आहे. आणि पंचांगाचे कामही फिरून त्याच नावाकडे आले. सीझरच्या कालमापनात दहा दिवसांची चूक साठली होती. तेराव्या ग्रेगरीने १५८२ साली ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर आणून ती काढली. आपल्या घरच्या भिंतीवरचे कॅलेंडर त्याच हिशोबाने चालते.

आता मी माझ्या मते सर्वांत महत्त्वाच्या पदवीकडे येतो. 'सेवकांचा सेवक' ही ती पदवी. पुरते नाव 'देवाच्या सेवकांचा सेवक'. लॅटिनमध्ये तेथे 'सर्व्हस' हा शब्द आहे, आणि रोमन समाजात सर्व्हस म्हणजे विकत घेतलेला गुलाम. आपल्याकडचा 'दासानुदास' हा शब्द येथे नेमका बसतो. हे शब्द पूर्वीही कोणी कोणी वापरले होते; पण रोमच्या गादीवर ते रूढ केले ते पहिल्या ग्रेगरीने. हा इ. स. ५९० ते ६०४ पोप होता. मोठ्या सरदार घराण्यातला हा माणूस आधी रोमचा नगरप्रमुख होता. पुढे सर्व सोडून मठात गेला, आणि प्लेगने आधीचा पोप दगावला तेव्हा लोकांनी त्याला गादीवर बसविले.

त्याच्या काळी कॉन्स्टँटिनोपलचा धर्मप्रमुख जॉन हा 'विश्वधर्मपिता' अशा अर्थाची पदवी लावीत असे. ग्रेगरीने ५९५ साली तिला कडक हरकत घेतली. त्याचा युक्तिवाद असा की एकच बिशप जर सर्व जगाचा, तर बाकीचे बिशप कोणीच राहत नाहीत. सम्राट मॉरिसला हा वाद पोरकट वाटला. एका नावावरून एवढा गदारोळ कशाला, असे त्याने कळविले. ग्रेगरीचे उत्तर फार मार्मिक आहे. त्याचा आशय असा की क्षुल्लक गोष्टी दोन प्रकारच्या असतात, काही निरुपद्रवी असतात आणि काहींनी मोठा घात होतो. पुढे अलेक्झांड्रियाच्या युलोगियसने सलोख्याच्या भावनेने खुद्द ग्रेगरीलाच 'विश्वाचा पोप' असे लिहिले. ग्रेगरीने तेही परत केले. माझ्या भावांचा मान कमी करून मिळणारा मान मला नको, असा त्याच्या पत्राचा भाव आहे.

कोणी म्हणेल, हे सारे प्रतिस्पर्ध्याला खाली ओढण्याचे राजकारण होते. त्यात राजकारण होतेच. म्हणून आपले माप लावू आणि काम पाहू. ग्रेगरीची साडेआठशेच्या आसपास पत्रे उपलब्ध आहेत. सिसिली बेटावर रोमच्या चर्चच्या मोठ्या जमिनी होत्या, आणि त्या धान्यावर रोममधले गरीब जगत. तेथल्या कारभाऱ्याला ग्रेगरीने लिहिलेली पत्रे मी वाचली तेव्हा मला एखाद्या चांगल्या युनियनचे मागणीपत्रक वाचल्यासारखे वाटले. कुळांकडून धान्य घेताना मोठे माप वापरू नका. खोटी वजने मोडून टाका. लग्नाच्या वेळी कुळाकडून ठरल्याहून अधिक शुल्क उकळू नका. हे जमिनीच्या मालकानेच आपल्या कारभाऱ्याला लिहिले आहे. मात्र त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्या जमिनींवर गुलाम राबत होते. ग्रेगरीने काहींना मुक्त केले. गुलामगिरी त्याने उठविली नाही. जो स्वतःला गुलामांचा गुलाम म्हणवीत होता त्याच्या पदरी खरे गुलाम होते. तरीही त्या नावामागे काही काम होते, एवढे मान्य करावे लागते.

पुढे काय झाले? नाव राहिले, आणि काम दुसरेच होऊ लागले. पोपच्या आज्ञापत्राचा मायनाच 'अमुक बिशप, देवाच्या सेवकांचा सेवक' असा ठरून गेला. १३०२ साली आठव्या बोनिफेसने एक आज्ञापत्र काढले. मोक्ष हवा असेल तर प्रत्येक मनुष्याने रोमच्या पोपच्या अधीन असलेच पाहिजे, असे त्यात जाहीर केले आहे. त्याची सुरुवातही 'सेवकांचा सेवक' अशीच आहे. १३७८ पासून तर एकाच वेळी दोन पोप झाले, आणि १४०९ नंतर तीन. ते एकमेकांना बहिष्कृत करीत होते, आणि प्रत्येक जण स्वतःला सेवकांचा सेवक म्हणवीत होता. १४१७ मध्ये कॉन्स्टन्सच्या धर्मपरिषदेने हा तमाशा संपविला. आपल्याला यात फार नवल वाटू नये. पेशव्यांच्या शिक्क्यावरही ते शेवटपर्यंत छत्रपतींचे प्रधानच होते. सत्ता कोठे होती ते आपण जाणतो.

'ख्रिस्ताचा प्रतिनिधी' या पदवीचीही तीच गत. मूळ शब्द 'विकारियस'. त्याचा अर्थ दुसऱ्याच्या जागी काम करणारा. रोममध्ये गुलामाच्या हाताखालच्या गुलामालाही हेच नाव होते. मुंबईच्या गिरण्या चालू होत्या त्या काळातील माणूस एका शब्दात सांगेल : बदली! कायम कामगार आला नाही तर त्याच्या साच्यावर उभा राहणारा तो बदली. पूर्वी पोप स्वतःला पीटरचा बदली म्हणवीत. 'ख्रिस्ताचा' हे रूप अधूनमधून वापरात होते. पण तिसऱ्या इनोसंटने, म्हणजे ११९८ ते १२१६ या काळात, त्यावर भर दिला आणि ते पक्के झाले. या बदलीची मजल कोठवर गेली? इंग्लंडचा राजा जॉन याने १२१३ साली आपले राज्य इनोसंटच्या चरणी ठेवून, दरसाल एक हजार मार्क खंडणीच्या बोलीवर, त्याच्याकडूनच जहागीर म्हणून परत घेतले. दोन वर्षांनी सरदारांनी त्या राजाकडून मॅग्ना कार्टा लिहून घेतला, तो याच पोपने रद्दबातल ठरविला.

या शब्दाचा आपल्या भूमीशीही संबंध आला. पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडील बिशप नेमण्यात पोपने फार मोठे हक्क देऊन ठेवले होते. गोव्याच्या दिवाडी बेटावरचा मातेउश द कास्त्रो हा ब्राह्मण कुळातून ख्रिस्ती झालेल्या घराण्यातला. गोव्यात त्याला धर्मगुरूची दीक्षा मिळेना, म्हणून तो रोमला गेला. तेथे दीक्षा मिळाली, आणि १६३७ साली तो बिशपही झाला. पोपने त्याला आदिलशाही मुलुखासाठी 'व्हिकार अपोस्तोलिक' नेमले, म्हणजे पोपच्या नावाने कारभार करणारा बिशप; बदलीचा बदली म्हणा ना! गोव्याच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्याला मानले नाही, आणि त्याला आदिलशाहीतल्या डिचोलीत ठाण मांडावे लागले. पोपचे शिक्कामोर्तब होते, पण ज्यांच्या हाती सत्ता होती त्यांना एतद्देशीय बिशप नको होता. हीच रस्सीखेच पुढे मुंबईत झाली. १७९४ पासून १९२८ पर्यंत मुंबईतील काही चर्चे पोर्तुगीज हक्काखाली, तर काही पोपने नेमलेल्या व्हिकाराखाली अशी दुहेरी राजवट होती. १८८६ च्या तडजोडीत गोव्याच्या आर्चबिशपला 'पूर्वेकडील इंडीजचा पॅट्रिआर्क' ही पदवी मिळाली. ती आजही चालू आहे. हक्क कमी झाले तेव्हा मान वाढवून दिला, हा व्यवहार आम्हां कामगार कार्यकर्त्यांना अपरिचित नाही.

येथवर ऐकून कोणी म्हणेल की मग या साऱ्या पदव्या म्हणजे शुद्ध ढोंग. मला तसे वाटत नाही, आणि ते का, हेच आजच्या व्याख्यानाचे सार आहे. नम्र नाव घेणाऱ्याला पुढे त्या नावाचा विसर पडला तरी ऐकणाऱ्यांना पडत नाही. सावकाराने लिहून दिलेली हुंडी कधी ना कधी कोणीतरी वटवावयास आणतोच.

बाराव्या शतकात तिसरा युजीन पोप झाला. तो पूर्वी क्लेअरव्होच्या बर्नार्डचा मठातला शिष्य. बर्नार्डने आपल्या या शिष्यासाठी पाच भागांचा ग्रंथ लिहिला आणि त्याला बजावले की तुला सेवा सांगितली आहे, धनीपण नव्हे. रेशमी वस्त्रे, सोने आणि पांढरा घोडा यांत तू पीटरचा वारस दिसत नाहीस, सम्राट कॉन्स्टंटाइनचा दिसतोस, असेही त्याने सुनावले. आधार कोणता? पोपचेच पदनाम.

दुसरे उदाहरण सिएना गावच्या कॅथरीनचे. ही एका रंगाऱ्याची मुलगी. चौदाव्या शतकात पोप रोम सोडून फ्रान्सच्या सीमेवरील आव्हिन्यों येथे राहत होते. रोम ओस पडले होते आणि इटलीत लढाया चालल्या होत्या. कॅथरीनने अकराव्या ग्रेगरीला पत्रांमागून पत्रे लिहविली आणि १३७६ साली ती स्वतः आव्हिन्योंला जाऊन उभी राहिली. पत्रांत ती पोपला 'बाब्बो' म्हणते; इटलीतली लेकरे बापाला म्हणतात ते हे नाव. आणि त्याच लाडक्या नावाने त्याला टोचते की भिऊ नकोस, मर्दासारखा वाग, आपल्या घरी परत ये. जानेवारी १३७७ मध्ये ग्रेगरी रोमला परतला. तो केवळ कॅथरीनमुळे परतला असे कोणी म्हणू नये. राजकीय कारणेही होती. पण सातव्या ग्रेगरीने ज्या शब्दावर कुंपण घातले होते, त्याचा मूळ अर्थ एका रंगाऱ्याच्या मुलीने पुन्हा पोपच्या पुढ्यात ठेविला. बाप म्हणवतोस ना, मग बापासारखा वाग, हे ती म्हणू शकली. कारण तो शब्द मुळात तिच्यासारख्यांचाच होता.

अलीकडच्या काळाकडे येऊन थांबतो. १५ मे १८९१ रोजी तेराव्या लिओने कामगारांच्या स्थितीविषयी 'रेरुम नोव्हारुम' हे परिपत्रक काढले. न्याय्य मजुरी, विश्रांती आणि कामगारांनी आपले संघ करण्याचा हक्क यांना त्याने पाठिंबा दिला. खासगी मालमत्तेचा कैवार घेऊन समाजवादाला कडाडून विरोधही केला. मला त्यातली पहिली बाजू पटते, दुसरी पटत नाही. परंतु बाप म्हणविणाऱ्याने गिरणीच्या दाराकडे पाहिले ही गोष्ट खरी. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी १० जून १८९० रोजी आधीच मिळाली होती, आणि १८९१ च्याच फॅक्टरी कायद्याने साप्ताहिक सुटी आली. आपण लिओ हे नाव प्रामुख्याने त्या परिपत्रकाची आठवण ठेवून घेतले, असे चौदाव्या लिओंनी १० मे २०२५ रोजी कार्डिनलांना सांगितले. हे नावही एक हुंडीच आहे, आणि यंत्रबुद्धीच्या या युगात कामगार ती दाखविल्यावाचून राहणार नाहीत.

मध्यंतरी आणखी काही घडले. मुंबईच्या जागतिक धर्मसोहळ्याला येण्याच्या थोडे आधी, नोव्हेंबर १९६४ मध्ये, सहाव्या पॉलने आपला तिपेडी मुकुट गरिबांसाठी म्हणून सेंट पीटर्सच्या वेदीवर ठेविला. २०१३ साली सोळाव्या बेनेडिक्टने पद सोडले आणि त्याला 'एमेरिटस' हे विशेषण लागले. रोमन काळी ते सेवा पुरी करून निवृत्त झालेल्या सैनिकाचे होते. त्याच्यामागून आलेल्या फ्रान्सिसने सज्जातून पहिल्याच भाषणात स्वतःला रोमचा बिशप म्हटले. व्हॅटिकनच्या २०२० च्या वार्षिक ग्रंथात 'ख्रिस्ताचा प्रतिनिधी' आदी पदव्या 'ऐतिहासिक पदव्या' या मथळ्याखाली छापल्या गेल्या, आणि त्यावर बरीच चर्चा झाली. 'सेवकांचा सेवक' हेही त्याच यादीत गेले.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो आपल्या दारचा आहे. वरच्या माणसाने स्वतःला सेवक म्हटले की त्याची प्रतिष्ठा वाढते. खालच्या माणसाला दुसऱ्याने सेवक म्हटले की त्याचा पगार कमी होतो. अंगणवाडीतल्या बाईला आपण 'सेविका' म्हणतो आणि तिच्या पगाराला 'मानधन'. तिला ग्रॅच्युइटीचा कायदा लागू आहे हे ठरावयास एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. न्यायालयाने तिच्या नावापेक्षा तिच्या कामाकडे पाहिले. चौदाशे वर्षांपूर्वी खोटी वजने मोडा म्हणून लिहिणाऱ्या त्या पोपलाही आपण याच कारणासाठी मान देतो. तेव्हा कोणी आपल्यापुढे येऊन मी तुमचा बाप, तुमचा सेवक, तुमचा प्रतिनिधी असे म्हणाला, तर त्याला हसू नये आणि त्याच्या पायाही पडू नये. ते नाव नीट लिहून ठेवावे, आणि वेळ आली की त्याच नावाने त्याला काम मागावे. मी ज्या संघटनेत काम करतो तिचे पदाधिकारीही, मी धरून, यातून सुटलेले नाहीत.